पाच पट्ट्यांची गाडी

किसन वाघमारेचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्याच्याबद्दल काही चांगलं लिहिलं गेलं तर ते नाइलाजानं लिहिलंय, एवढं वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील. हेवाही साधासुधा नव्हता. जेवायला बसल्यावर त्याच्या डब्यातली भाकरी माझ्या भाकरीपेक्षा पातळ का, इथपर्यंत माझी मजल गेली होती. घरी जाऊन मी बायकोला तसं विचारलंही होतं. तिनं माझ्या ताटात आणखी एक जाड भाकरी वाढली.

त्या वेळी धाराशिवकडच्या वाशीला आमच्या सहकारी संघाचं ऑफिस होतं. बियाणं, खत, करडई, शेंगा असा सगळा कारभार. संघाची एक जीप होती आणि मी तिचा ड्रायव्हर. मॅट्रिक नापास झाल्यावर सात वर्षं ती जीप चालवली. वर ताडपत्री, दारांचा पत्ता नाही, आणि सीट म्हणजे फळीवर काथ्या. आमचे चेअरमन अण्णासाहेब तिच्यातून उतरले की त्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. उपरण्यानं तोंड पुसत ते दर उन्हाळ्यात मला म्हणायचे, "दत्तू, जरासं बरं दिवस येऊ दे. संघाला चांगली गाडी घिऊ. ती तूच चालवायची." मी त्या गाडीची वाट बघत होतो. बायकोला सांगून ठेवलं होतं, सासुरवाडीलाही सांगून ठेवलं होतं.

गाडी आली. पण ती आली तेव्हाच तिच्या आत किसन बसलेला होता.

त्याचं असं झालं की बहात्तरच्या दुष्काळात बोअर पाडायला काही परदेशी मंडळी आपल्या भागात आली होती. दुष्काळ सरला तरी ती मंडळी काही वर्षं राहिली. शेवटी गाशा गुंडाळताना त्यांनी आपली पांढरी गाडी आमच्या संघाला देऊन टाकली. सोबत एक पत्र होतं. आमच्या क्लार्कनं ते मराठीत करून मोठ्यानं वाचलं. दोन ओळी गाडीबद्दल होत्या आणि उरलेलं सगळं पत्र ड्रायव्हरबद्दल होतं. या माणसाला गाडीची सगळी माहिती आहे, याला ठेवून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. अण्णासाहेबांनी माझ्याकडं बघायचं टाळलं आणि म्हणाले, "गाडी त्योच चालवील. गाडीचा ड्रायव्हर कायम. जीप हाय तवर जीपचा ड्रायव्हर हाय."

जीप किती दिवसांची सोबती आहे, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे दोन ड्रायव्हर आणि कायमची सीट एकच. त्या दिवसापासून मला किसनचा चेहरा आवडेनासा झाला.

खरं तर चेहऱ्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. उंच, सडपातळ, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. सास्तूरकडचा. त्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. इकडं त्याचं कुणी नव्हतं. बसस्टँडमागं एक खोली घेऊन तो एकटा राहायचा आणि स्वतःच भाकरी थापायचा. त्या पातळ भाकरीचं कोडं मला पुढं असं सुटलं, आणि सुटल्यावर हेवा वाढलाच.

त्याची पहिली खोड म्हणजे तो लगेच निघत नसे. आम्ही ड्रायव्हर लोक उडी मारून बसायचो आणि ढुंगण टेकायच्या आत गिअर टाकायचो. किसन आधी बसायचा. पाठ सीटला पार मागपर्यंत लावायचा. खाली एक दांडी होती, ती ओढून सीट पुढंमागं करायचा. मग दोन्ही हात सरळ लांब करून स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर मनगटं टेकतात का ते बघायचा. "पंजा टेकला तर सीट जवळ हाय, बोटं टेकली तर लांब हाय, मनगट टेकलं तर बराब्बर," असं त्याचं गणित. सीटच्या वर डोक्याला एक उशी होती. आम्हाला वाटायचं, ती झोपायला दिली आहे. किसन ती कानाच्या बरोबरीला आणायचा. रोज तोच माणूस, तीच गाडी, तीच सीट, आणि रोज हे सगळं पहिल्यापासून. मी एकदा चिडून म्हणालो, "रात्रीतनं तुझं हात वाढतेत का रं?"

"न्हाय दत्तूभाऊ," तो म्हणाला, "पर गाडी धुताना सीट मागं सरकती. आपलं बगून घेतलेलं बरं."

मी अरेतुरे करायचो, तो मला 'तुमी' म्हणायचा. यातही मला त्याचा डाव दिसायचा.

दुसरी खोड पट्ट्यांची. गाडीत पाच पट्टे होते, पुढं दोन आणि मागं तीन. आमच्या भागात तोवर कुणी पट्टा बघितलेला नव्हता. आताच्यासारखे आपोआप आवळणारे पट्टे नव्हते ते, प्रत्येकानं आपल्या अंगाप्रमाणं ओढून लांबी ठरवायची. किसनचा नियम असा की पाच पट्टे तर पाच माणसं, आणि सगळ्यांनी बांधल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. किल्ली हातात घेऊन तो बसून राहायचा. काही बोलायचा नाही, रागवायचा नाही. नुसता बसून राहायचा.

पहिल्याच दिवशी अण्णासाहेब खवळले. "मला काय बैल समजलास का, दाव्यानं बांधायला?"

किसन म्हणाला, "आण्णा, बैलाला दावं लावतेत ते त्यानं पळून जाऊ नये म्हून. हे तुमी काचंतनं फुडं जाऊ नये म्हून."

"ऐका! चेअरमननं फुडं जायाचं न्हाय म्हनतो हा!" असं म्हणून अण्णासाहेब मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांनी पट्टा हातात घेतला. मी बाजूला जीपला टेकून उभा होतो. माझ्यावर ते सात वर्षांत असं एकदाही हसले नव्हते.

पण त्यांचा खरा सल वेगळा होता. त्यांचा सदरा कडक खळीचा असायचा, आणि छातीवरून पट्टा गेला की त्यावर आडवी सुरकुती पडायची. सभेला पोचल्यावर लोक त्या सुरकुतीकडं बघतात, असं त्यांना वाटायचं. दुसरा ड्रायव्हर असता तर म्हणाला असता, राहू द्या मग. किसननं दोन दिवस विचार केला आणि एक युक्ती काढली. पट्टा आधी बांधायचा आणि खांद्यावरचं उपरणं त्याच्यावरून सोडायचं. बाहेरून पट्टा दिसायचा नाही, आणि उतरल्यावर उपरणं तसंच छातीवर राहिलं की सुरकुतीही झाकायची. अण्णासाहेब खूश झाले. मी त्या दिवशी रात्री कितीतरी वेळ विचार करत पडलो की ही एवढीशी गोष्ट मला का सुचली नाही.

पट्टा कसा बांधायचा हे तो कधी दुसऱ्याच्या अंगाला हात लावून सांगत नसे. आपल्या सीटवर बसून तो आपला पट्टा सोडायचा आणि पुन्हा सावकाश बांधून दाखवायचा. समोरच्यानं बघून तसं करायचं. "पोटावर न्हाय, खाली हाडावर घ्या. पीळ काढा. छातीत आन पट्ट्यात एक पंजा गेला पायजे, दोन न्हाय." मला वाटायचं ही त्याची शिकवायची ऐट आहे. मग एकदा एक पाटील मागं बसले होते आणि त्यांचा पट्टा अडकला. किसन मान वळवून तोंडानं सांगत राहिला, हात काही पुढं केला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याचा हात अंगाला लागला तर गाडीत बसणाऱ्यांतले किती जण घरी जाऊन आंघोळ करतील, हे त्याला ठाऊक होतं. ते मलाही ठाऊक होतं, कारण आमच्या घरी मी ते बघितलं होतं. हे मी त्या वेळी कुणाशी बोललो नाही.

आता गार हवेबद्दल सांगतो. त्या गाडीत गार हवेचं यंत्र होतं. मे महिन्यात ज्या गावात माणसं टँकरच्या रांगेत दुपार काढत होती, तिथं ही गाडी आतून गार असायची. एका म्हातारीनं एकदा बंद काचेला गाल लावला होता आणि कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. किसन खाली उतरून तिच्या बाजूला उभा राहिला, तिला बाजूला हो म्हणाला नाही. अण्णासाहेब सभेतून आले तरी तिचा गाल तिथंच होता.

त्या यंत्राचंही त्याचं शास्त्र होतं. उन्हात उभी गाडी असेल तर आधी चारी दारं उघडायची, आतली तापलेली हवा जाऊ द्यायची. काचा उघड्या ठेवून थोडं अंतर जायचं, मग काचा लावायच्या, मग यंत्र सुरू करायचं. हवेची जाळी तोंडावर धरायची नाही, वर टपाकडं करायची. "गार हवा आपसूक खाली पडती. तोंडावर घेतली की डोळं कोरडं पडतेत, मान धरती." चढ लागला आणि इंजिन तापायला लागलं की यंत्र बंद. धुळीत बाहेरची हवा घ्यायची नाही, पण धूळ संपली की घ्यायची. "त्याच त्या हवंत लई येळ बसलं की ड्रायव्हरला गुंगी येती." आणि गाव जवळ आलं की यंत्र बंद करून सगळ्या काचा खाली. हे शेवटचं कशासाठी, असं अण्णासाहेबांनी एकदा विचारलं. किसन म्हणाला, "येकदम गारातनं उन्हात उतरलं की बाधतं." आणि मग म्हणाला, "आन रांगंतल्या बायकांच्या म्होरनं काचा लावून जानं बरं दिसत न्हाय आण्णा." अण्णासाहेबांनी पुढच्या कितीतरी सभांत ते वाक्य आपलं म्हणून वापरलं.

मला वाटायचं, यात काय एवढं अवघड आहे? एकदा किसन बहिणीच्या लग्नाला सास्तूरला गेला आणि गाडी एक दिवस माझ्या हाती आली. परंड्याला जायचं होतं. अण्णासाहेब बसले, मी बसलो. दांडी ओढायची म्हणून ओढली ती दुसरीच निघाली, आणि सीटची पाठ मागं पडून मी चेअरमनच्या देखत आडवा झालो. उठलो, काचा लावल्या. यंत्राची एक पट्टी होती, तिच्या एका टोकाला निळा रंग आणि एका टोकाला लाल. मी म्हणालो, लाल म्हणजे फुल्ल जोर. पट्टी लालवर नेली. गरम वारा यायला लागला. "दत्तू, हे तापायलंय रं," अण्णासाहेब म्हणाले. मी म्हणालो, "यंत्र हाय आण्णा, आधी तापनार, मग गार करनार." परंड्यापर्यंत मी त्यांना असं भाजत नेलं. ते उतरले तेव्हा सदऱ्याची खळ पार विरघळली होती. स्वागताला आलेल्या एका डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली.

परत आल्यावर हे किसनला कळलंच. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चूक माजी हाय दत्तूभाऊ. जाताना तुमाला दाखवून जायाला पायजे हुतं." अशा माणसाचं काय करायचं?

याच दरम्यान माझ्या बायकोला दिवस गेलेले होते. ते भरत आले तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता आणि रस्ते उखडलेले होते. एके सकाळी कळा सुरू झाल्या. सुईणीनं बघितलं आणि म्हणाली, मूल आडवं दिसतंय, धाराशिवला मोठ्या दवाखान्यात न्या. मी जीप काढायला धावलो, तर सुईण मागून ओरडली, "जीपमदी घालू नगंस तिला! वाटंतच काय तरी हुईल!" स्वतःच्या बायकोला नेण्याच्या लायकीची माझी गाडी नव्हती. मी दारात उभा राहिलो. तेवढ्यात किसन पांढरी गाडी घेऊन आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं आणि तो अण्णासाहेबांना परस्पर विचारून आला होता.

त्यानं पुढची सीट मागं सरकवली, तिची पाठ जराशी कलती केली. आई म्हणाली, "अजून आडवं कर की, निजू दे तिला." किसन म्हणाला, "न्हाय आई, लई आडवं केलं तर पट्टा वर सरकतो." पट्टा म्हटल्यावर आई चवताळली. "पोटुशीला बांधतेत व्हय रं? अक्कल हाय का?"

किसन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. दोन्ही हातांनी त्यानं हवेत एक मोठं पोट दाखवलं आणि आपला पट्टा त्या नसलेल्या पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घेतला. "खालचा पट्टा पोटाच्या खालून, हाडावर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. पोटाला पट्टा लागला न्हाय पायजे." एवढा उंच माणूस पोटुशी बाई होऊन बसलेला बघून गल्लीतल्या बाया हसायला लागल्या. कळा देत असलेली माझी बायकोही हसली. आईनं मग तिला तसा पट्टा बांधला. जाळ्या वर टपाकडं केलेल्या होत्या. आई आणि मी मागं बसलो, आम्हीही पट्टे बांधले. सबंध रस्ताभर तो प्रत्येक खड्ड्याच्या आधी हळू आवाजात म्हणायचा, "वैनी, खड्डा हाय." आणि मग खड्डा यायचा.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्यातल्या खाटेवर माझ्या बायकोचं पहिलं वाक्य काय असावं? "किसनभाऊंच्या गाडीत पोटातलं पाणी हाललं न्हाय बगा." नंतरही ती हे सगळ्यांना सांगत सुटली. बारशाला सांगितलं, माहेरी सांगितलं. मी ऐकायचो. माझी मुलगी त्या माणसामुळं धड जगात आली होती, आणि मला त्याचे उपकार वाटायच्या ऐवजी पोटात जळायचं. लिहितानाही लाज वाटते, पण ते तसंच होतं.

मग संघाची निवडणूक आली. जीपचं इंजिन त्याच महिन्यात धूर ओकायला लागलं. मिस्त्रीनं मान हलवली. माझे दिवस मला दिसायला लागले.

तेरखेड्याचे बापू आमचे संचालक होते. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव, बापूंचाही तोच धंदा. माणूस मोठा मानी, आणि त्यांच्या शब्दावर तिकडची सगळी मतं. धाराशिवच्या बैठकीला निघालो तेव्हा पुढं पांढरी गाडी आणि मागं माझी जीप होती. तेरखेडा फाट्यावर बापू आपल्या तीन माणसांसह उभे होते. आपल्याकडं गाडी थांबली की सगळे चढतात, मांडीवर, दाराला लटकून, कसेही. वाटेत उभ्या माणसाला जागा नाही म्हणायची आपल्यात रीतच नाही. पण गाडीत अण्णासाहेब आणि दोघं संचालक आधीच होते. किसन खाली उतरला, हात जोडले आणि म्हणाला, "बापू, पट्टा येकच शिल्लक हाय. तुमी या. बाकीची मंडळी जीपमदनं येतील."

बापूंचा चेहरा उतरला. "माजी मानसं जिकडं, तिकडं मी," असं म्हणून ते चौघंही माझ्या जीपमध्ये येऊन बसले.

धुळीतून आम्ही त्या पांढऱ्या गाडीच्या मागं निघालो. बापू तोंडाला उपरणं लावून बसले होते. मी गप्प बसलो असतो तर ते धाराशिवपर्यंत शांतही झाले असते. पण मागच्याच आठवड्यात किसन माझ्याशी सहज बोलला होता की तेरखेड्याची मंडळी गाडीत असली की तो मधेमधे काचा खाली करतो, कारण चार माणसं विड्या ओढतात आणि कोंडल्या हवेत त्याला गुंगी येते. मी ते उचललं आणि त्याला दुसरंच रूप दिलं. बापूंकडं न बघता म्हणालो, "वाईट वाटून घिऊ नका बापू. त्यो म्हनतो, तेरखेड्याच्या लोकांच्या अंगाला बारुदीचा वास येतो. त्यांना बसवलं की काचा खाली कराव्या लागतेत."

हे वाक्य किसन वाघमारेच्या तोंडी घातलं की बापूंच्या कानात कसं वाजेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्यांच्या घराच्या पायरीला तो शिवत नव्हता, त्यांच्या अंगाचा त्याला वास येतो. मी मुद्दाम तेच निवडलं होतं.

बापू एकच शब्द बोलले, "आसं?"

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी किसनला ऑफिसात बोलावलं. बापू खुर्चीवर होते. मी दाराशी उभा होतो. "तेरखेड्याची मंडळी बसली की अंगाचा वास येतो म्हून काचा खाली कराव्या लागतेत, आसं तू म्हनलास का?" अण्णासाहेबांनी विचारलं.

किसनला खोटं बोलता येत नसे. "काचांचं म्हनलो हुतो आण्णा. पर ते विड्यांच्या धुरापायी. वासाचं म्या कवा बोललो न्हाय." मग त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "दत्तूभाऊला इचारा की. त्यांच्याच म्होरं बोललो हुतो म्या. त्यांना ठाव हाय."

त्याला काहीच कळलं नव्हतं. मी त्याचा साक्षीदार आहे, असं त्याला वाटत होतं. अण्णासाहेब माझ्याकडं वळले. "काय रं दत्तू?"

मी म्हणालो, "मला आठवत न्हाय आण्णा."

किसन माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. मी आजारी आहे की काय, असं बघितल्यासारखा. बापू उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्यो तरी ठेवा, न्हाय तर तेरखेडा तरी." निवडणुकीला महिना होता. अण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. गाडी माझी झाली.

जायच्या आधी किसननं दोन दिवस मला गाडी शिकवली. कुणी सांगितलं नव्हतं. सीटच्या सगळ्या दांड्या, निळं-लाल, जाळ्या, पट्ट्याचं आवळणं, सगळं. शेवटी मलाच राहवलं नाही. "कशापायी शिकवायलास मला?" मी विचारलं. तो म्हणाला, "गाडीत मानसं बसनार हायत, दत्तूभाऊ." मग ट्रंक खांद्यावर घेऊन तो स्टँडकडं गेला. मी सीटवर बसून राहिलो. जिची सात वर्षं वाट बघितली ती सीट. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण फार दिवस नाही.

मी गाडीची शोभा वाढवायला घेतली. बार्शीहून मखमलीची लाल गवसणी शिवून आणली. शिवणाऱ्यानं सीट नीट गुंडाळली, त्यात पट्टेही आत गेले आणि वरून टाके पडले. कुणी काही म्हणालं नाही, उलट सगळे खूश झाले. एकदा तर तिच्यातून आम्ही अकरा जण लग्नाला गेलो. अण्णासाहेब निवडून आले. पुढं एकदा मोहरमच्या गर्दीत मी करकचून ब्रेक दाबला आणि त्यांचं कपाळ पुढच्या फळीवर आपटलं. घर जवळ आल्यावर टेंगूळ चोळत ते आपल्याशीच म्हणाले, "किसन हुता तवा आसं न्हवतं." घ्या! माणूस निघून गेला तरी माझा हेवा काही संपेना. दुसऱ्या उन्हाळ्यात गार हवेचं यंत्र बंद पडलं आणि ते दुरुस्त करणारा कुणी सापडला नाही. पुढं संघही मोडकळीला आला आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर गेली. मी पुन्हा शेतीला लागलो.

किसनला मी त्यानंतर एकदाच बघितलं. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. भर दुपारी येरमाळ्याच्या चौकात वाशीकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. एसटी गेलेली होती. एक वडाप जीप, म्हणजे माणशी भाड्यानं चालणारी, आली, आमच्या जुन्या जीपपेक्षाही म्हातारी. मागं माणसं कोंबलेली, टपावर गाठोडी आणि गाठोड्यांवर माणसं. पुढं ड्रायव्हरच्या डाव्या हाताला चौघं होते. त्यांनी ड्रायव्हरला असं सरकवलं होतं की त्याचं निम्मं अंग जीपच्या बाहेर होतं, एक पाय आत आणि दुसरा बाहेरच्या पायफळीवर. हात लांब करून तो स्टिअरिंग धरून होता. केस धुळीनं पांढरे झाले होते, म्हणून आधी ओळख पटली नाही.

"दत्तूभाऊ!" तो ओरडला. "लेक कशी हाय? वैनी बऱ्या हायती ना?"

मी कसाबसा म्हणालो, बऱ्या आहेत. त्या जीपकडं बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा किसनकडं असं काहीच नव्हतं की ज्याचा मला हेवा वाटावा. आणि ते नसण्याला मीच कारण होतो.

"बसा की. जागा हाय," तो म्हणाला.

जागा कुठंच नव्हती. त्यानं वरची दांडी धरली, आपलं उरलेलं अंगही जवळजवळ बाहेर काढलं आणि मला आपल्या सीटवर घेतलं. सीट त्याच्या अंगानं गरम झाली होती. गिअर टाकायला त्याला माझ्या मांडीवरून हात न्यावा लागत होता, तर तो आधी म्हणायचा, "जरासं, दत्तूभाऊ." जीप निघाली. मला त्याला सांगायचं होतं. त्या दिवशी मला सगळं आठवत होतं, आणि बापूंना ते मीच सांगितलं होतं, एवढंच सांगायचं होतं. इंजिनचा आवाज मोठा होता, आणि नसता तरी मी बोललो असतो असं मला वाटत नाही. पुढं रस्ता उखडलेला होता. पहिल्या खड्ड्याला तो बाहेरच्या बाहेर हेलपाटला. मी माझा उजवा हात त्याच्या पाठीमागून नेला, कमरेला विळखा घातला आणि पलीकडचा शर्ट मुठीत आवळून धरला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं नजर लावली. वाशी येईपर्यंत मी तो हात काढला नाही.